हेव्याचा कार्तिक

कापलेलं भात मळ्यात आडवं पडलेलं असतं आणि पश्चिमेकडून एकदम ढग चढून येतात. दिवाळी होऊन गेलेली, छत्र्या माळ्यावर टाकलेल्या, पाऊस आता पुढच्या वर्षी असं सगळ्यांनी धरून चाललेलं. ओरोसला आमच्या घरामागे, कचेऱ्यांच्या इमारतींपलीकडे, अजून भाताचे चार कोपरे शिल्लक आहेत. परवा तिथली माणसं भारे उचलायला धावत सुटली. सून म्हणाली, "आई, वाळवण आत घ्यायचं ना?" मी हो म्हटलं आणि खिडकीतून हलले नाही.

इतक्या वर्षांनी माणसापाशी उरतं ते दुःखच, असं लोक समजतात. माझं दुःख तसं लवकर निवलं. हेवा मात्र निवला नाही. कार्तिकातले ढग आले की तो अजून अंग झटकून उठतो, आणि मी पुन्हा विशीतली होऊन तीन बायकांकडे डोळे लावून बसते. तिघीही विधवा होत्या. मला त्यांच्या वैधव्याचा हेवा वाटत होता.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या कचेऱ्यांत गावोगावची शिकलेली मुलं कारकून म्हणून लागत होती. मालवणच्या अलीकडे खाडीकाठी आमचं घर. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. मी डी.एड. करून घरी बसले होते. खाडीपलीकडच्या गावातला असाच एक कारकून मुलगा मला बघून गेला, दोन्ही घरांना पसंत पडलं, आणि तुळशीची लग्नं झाली की सुपारी फोडू असं ठरलं. एवढंच. साखरपुडा नाही, अंगठी नाही, गावात बोभाटा नाही.

बघायला आला तेव्हा तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. नंतर एकदा होडीत समोरासमोर बसलो होतो. उतरता उतरता खाली बघत म्हणाला, "मी दर शनिवारी याच होडीने येतो." कोकणातल्या मुलाने याहून जास्त काय सांगायचं? पुढचे शनिवार मी संध्याकाळी खाडीवर तिसऱ्या काढायला जाऊ लागले. शिंपल्या काढायला ओहोटी लागते, हे आईला माहीत होतं. एकदा भर भरतीला टोपली घेऊन निघाले तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली.

दिवाळीनंतरच्या त्या शनिवारी ओहोटी होती. तो कसालहून येणाऱ्या गाडीतून उतरून धक्क्यावर आला, होडीत बसला, आणि होडी सुटल्यावर मी माडाआडून दिसले तसा त्याने हात वर केला. मी केला नाही. आजूबाजूला माणसं होती. मग टपोरे थेंब आले आणि मी टोपली डोक्यावर धरून घराकडे धावले. ओटीवर पाय ठेवते तोच माड मुळापासून हलवणारा वारा सुटला, आणि थोड्या वेळाने धक्क्यावरून बोंब ऐकू आली.

मधल्या धारेत होडी उलटली होती. बरेच जण पोहून आले, काहींना ओढून काढलं. तिघे गेले. होडीवाला हसन. आमच्या शेजारच्या वाडीतला पास्कू सुतार. आणि तो.

आमच्या पडवीला लागून दोन खोल्यांत राहेलबाई भाड्याने राहायच्या, उपकेंद्रातल्या नर्सबाई. कुलाबा जिल्ह्यातल्या. त्यांचं नाव ऐकून गावाने त्यांना क्रिस्तांव ठरवलं होतं. त्या चर्चमध्ये जात नाहीत, शुक्रवारी तिन्हीसांजेला डोक्यावर पदर घेऊन दिवा लावतात आणि शनिवारी चूल पेटवत नाहीत, हे बघून आईने त्यांना "सोवळ्यातली क्रिस्तांव" असं नाव ठेवलं. खरं म्हणजे त्या इस्राएल, म्हणजे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांपैकी. त्या संध्याकाळी, शनिवार सरला नव्हता तरी, त्यांनी स्टोव्ह पेटवला. धक्क्यावरून आणलेली माणसं आमच्या अंगणात कुडकुडत होती आणि त्या पाणी गरम करत, छाती चोळत फिरत होत्या. मी बादल्या उचलत होते. त्याचं नाव कुणीतरी घेतलं तेव्हाही माझ्या हातात बादली होती. ती मी नीट खाली ठेवली, हे मला आठवतं.

पास्कू त्याच संध्याकाळी सापडला. मला बघून गेलेला तो दुसऱ्या सकाळी, तिवरांच्या मुळांत. हसनला ओहोटीने बाहेर नेलं. तो कधीच मिळाला नाही.

आईने मला माजघरात नेलं. "कोणाकडे चकार शब्द बोला नको," ती म्हणाली. "अजून सुपारी फुटाक नाय. काय झालाच नाय असा समज." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती माझे केस विंचरत होती. आता मला तिचं भय कळतं. माझं नाव त्या मेलेल्याशी जोडलं गेलं, तर दुसरा कोण येणार होता? तरी कुणकुण लागलीच, विहिरीवर बायका बोलल्या. "बरा झाला अगोदरच कळला. त्या चेडवाचे पाय त्या घराक लागले असते तर..." म्हणजे वादळ समुद्रातून आलं नव्हतं, माझ्या पायांतून आलं होतं. गावकराने, गावच्या मानकऱ्याने, देवळात कौल लावला. खाडीचा मान द्यायचा राहिला, असं निघालं. नारळ सोडले. तेवढ्यावर आमच्या गावाचा हिशेब मिटला.

माझा कुठे मिटणार होता?

फिलूच्या, म्हणजे पास्कूच्या बायकोच्या, घरी रोज संध्याकाळी माणसं जमू लागली. गुडघे टेकून एका सुरात प्रार्थना म्हणायची, मग ओटीवर बसून उकडलेले चणे खायची, पास्कूच्या गोष्टी सांगायची, मध्येच हसायचीसुद्धा. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकायचे. काळा झगा घातलेली फिलू रस्त्याने निघाली की पुरुष टोपी काढायचे. दोनच दिवसांत त्यांचा मेलेल्यांचा सण आला. सिमितरीत प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या, पाद्री पाणी शिंपडत चाललेला. पास्कूच्या ओल्या मातीवर फिलू धाडकन पडली आणि चार बायकांनी तिला धरलं. दगडी गडग्याबाहेरून मी बघत होते. मनात आलं, मी पडले तर कुठे पडू? मला कोण धरणार, आणि काय म्हणून?

हसनच्या घरी मी नर्सबाईंबरोबर गेले. त्याच्या आईच्या पायाला जखम होती, पट्टी बदलायची असे. नर्सबाईंनी आईला विचारलं, "शालनला नेऊ का सोबत? पिशवी धरायला." आईला ते बरंच वाटलं असावं, निदान मी घरातून हलेन. त्या घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. शेजारपाजारचे टोप झाकून येत होते. मौलवींनी सांगितलं होतं, पाण्यात बुडून मेलेला शहीद. देह नसताना मशिदीत त्याच्यावर नमाज पढली गेली. आणि हसनची बायको, हलीमा, आतल्या खोलीत साध्या पांढऱ्या ओढणीत बसली होती. तिची इद्दत सुरू झाली होती. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडणार नव्हती, दागिना घालणार नव्हती, आणि तिला तसं बसू देणं हे साऱ्या मोहल्ल्याचं काम होतं.

चार महिने दहा दिवस! मला तर चार मिनिटंही मिळाली नव्हती. घरी गेल्यावर मी दिवाळीत भरलेल्या हिरव्या बांगड्यांचे हात पिठात घातले आणि भाकरी थापायला बसले. त्या बांगड्या बघून मला इतका संताप आला, की मी भाकरी तव्यावर आपटली. आईने वळून बघितलं. मी म्हटलं, "तापलो नव्हतो तवो."

सगळ्यांत खोल लागलं ते आमच्याच रीतीचं. दहाव्याला पलीकडे पिंडाला कावळा शिवेना, अशी बातमी होडीतून आली. त्याच्या आईने काय काय कबूल केलं. घर शाकारू म्हटलं, कुळदेवाला जाऊ म्हटलं. शेवटी धाकट्या भावाला शिकवू म्हणाली, तेव्हा कावळा शिवला. मी परसात उभी राहून ते ऐकलं. तिथे जमलेल्यांपैकी एकाने तरी माझं नाव घेऊन बघितलं असेल का? "तिचं बरं होईल," एवढंच कुणी म्हटलं असतं, तर कदाचित कावळा आधीच आला असता. मला त्या धाकट्या भावाचाही हेवा वाटला. बारा-तेरा वर्षांचा पोर तो. मेलेल्याच्या शेवटच्या इच्छेत त्याला जागा होती.

एका दुपारी मी मागीलदारी तांदूळ निवडत होते. राहेलबाई आल्या आणि जमिनीवर माझ्याशेजारी बसल्या. पाट सरकवला तर घेतला नाही. बोलल्याही नाहीत. मी खडे काढत राहिले, त्या माझ्या सुपाकडे बघत राहिल्या. खूप वेळाने मीच म्हटलं, "तुम्हाला काही हवं होतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आमच्यात दुःखाच्या घरी गेलं, तर ज्याचं दुःख तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नसतं."

मी सूप खाली ठेवलं. घरात कुणी ऐकेल म्हणून तोंडात पदर कोंबला. ते माझं दुःख आहे हे त्यांना कसं कळलं होतं, हे मी आजपर्यंत विचारलं नाही. बादली ठेवताना त्यांनी मला पाहिलं असावं. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांचे यजमान विषमज्वराने गेले तेव्हा त्या सात दिवस जमिनीवर बसल्या होत्या, कपड्याला चीर दिलेली, आरसा झाकलेला. लोक येत होते, जेवण आणत होते. मला पुन्हा तोच हेवा वाटला. यांच्यापाशीही आहे!

"मी तुमच्यातली असते, तर मला बसू दिलं असतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं का, असा विचार करत असाव्यात. मग म्हणाल्या, "नाही ग. आमच्यात सात नाती ठरलेली आहेत. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि लग्नाचा जोडीदार. तुला नसतं बसता आलं."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. पण त्या खरं बोलल्या होत्या, आणि त्या दिवसांत माझ्याशी खरं बोलणाऱ्या त्या पहिल्याच. मी विचारलं, "मग देव असं का करतो म्हणतात तुमच्यात?"

"आमचं गलबतच फुटलं होतं इथे येताना," त्या म्हणाल्या. "नवगावच्या किनाऱ्याला, फार जुनी गोष्ट. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या म्हणतात. बाकीच्यांना तिथेच पुरलं. पोथ्या, प्रार्थना, सगळं पाण्यात गेलं. एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. देवाने असं का केलं, ते मला माझ्या आजीने कधी सांगितलं नाही. वाचलेल्यांनी काय केलं ते मात्र सांगायची. घाणे टाकले, तेल गाळलं, शनिवार पाळला."

पुढे त्यांनी सूप ओढून घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडून दिले. मी त्यांच्याकडे बघत होते. फुटलेल्या गलबतातून एवढी मोठी जमात निघावी आणि तिने ते बुडणं कुळाच्या नावासारखं जपावं, याचाही मला हेवा वाटला. माझ्या बुडालेल्या होडीतून काय निघणार होतं?

निघालं ते असं. हलीमाच्या सासूच्या पट्टीला गेले असताना एके दिवशी हलीमाने मला आत बोलावलं. तोवर ती माझ्याशी बोलली नव्हती. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "तू खाडयेर जातंस?"

"जातंय."

"पाणी कसा आसा?"

त्यांचं घर मशिदीच्या मागे, तिथून खाडी दिसत नाही. ती म्हणाली, "माका भायर जावचा नाय. सगळी सांगतत, शहीद झालो, जन्नत गावली. गावली तर बरा झाला. पण तो खंयच्या पाण्यात आसा, ता माका बघूक नको काय? फिलूक थडगा तरी आसा. तू रोज बघ आणि माका येवन सांग. आणि खोटा सांगा नको."

म्हणून मी रोज खाडीवर जाऊ लागले, आता चोरून नव्हे, कामाला. आज पाणी मातकट आहे. आज भरतीला मुखाशी पांढरी रेघ दिसली. आज बगळे आले. आज काही नाही, नुसतं पाणी. हलीमा डोळे मिटून ऐकायची. सगळ्या मोहल्ल्याने सांभाळलेली ती बाई, आणि तिला माझा हेवा वाटत होता, मला उघड्यावर उभं राहून पाणी बघता येत होतं म्हणून! प्रथम ते कळलं तेव्हा मला, खरंच सांगते, बरं वाटलं.

खाडीवरच फिलू भेटली. काळा झगा चिखलातून उचलून धरत माझ्याकडेच येत होती. म्हणाली, "माका म्हायत आसा गो. पास्कून सांगलेल्यान. तुमच्या लग्नाची खाट तोच करतलो होतो. पलीकडच्यांनी लाकूडसुद्धा काढून ठेवलेल्यानी."

विहिरीवरची कुजबुज सोडली, तर बाहेरच्या जगात माझं आणि त्याचं नाव एकत्र आलेली ती एकमेव जागा, एक न झालेली खाट. मी तिथेच खाली बसले. फिलू बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझो माका हेवो वाटता."

"माझो?"

"त्या दिसा सकाळी आमचा भांडाण झाला. घरार कौलां फिरवूक सांगी होतंय, तो ऐकी नाय. मिया म्हटलंय, जा, खंय मरूक जातंस तो जा. ता माझा शेवटचा बोलणा. पाद्री म्हणता, देवान दिल्यान, देवान नेल्यान. त्याका काय सांगू, मियाच धाडलंय म्हणान? तुझ्यापाशी शेवटचा काय आसा?"

"हात वर केल्यान."

"बघ," फिलू म्हणाली, आणि झग्याच्या टोकाने नाक पुसलं.

तेव्हापासून मला वाटतं, हेवा ही काही एकाच बाजूने वाहणारी गोष्ट नाही. मी फिलूचं थडगं मागत होते, फिलू माझा वर झालेला हात मागत होती, हलीमा आम्हा दोघींचं उघडं आकाश मागत होती. पाद्री, मौलवी, आमचा गावकर, सगळ्यांनी आपापल्या परीने सांगितलं होतं की हे का झालं. ते सांगणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या आधाराने माणसं उठली, जेवली. आमच्या तिघींच्या मधे जे होतं त्याला मात्र कुणाच्याच पोथीत नाव नव्हतं.

त्या वैशाखात माझं लग्न झालं. माणूस चांगला होता. त्यांना मी पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विषय काढला नाही; तो त्यांचा चांगुलपणा होता, आणि काही प्रमाणात त्यांचा हेवाही असावा. राहेलबाई बदली होऊन गेल्या, मग त्यांच्या बहिणीपाठोपाठ परदेशी. फिलू शेवटपर्यंत त्याच वाडीत राहिली. हलीमा भावाकडे रत्नागिरीला गेली, तिथे शिवणाचा क्लास चालवत असे. पण लग्नाआधीचा एक दिवस अजून सांगायचा आहे.

शिमगा नुकताच सरला होता. हलीमाची इद्दत पुरी झाली आणि ती पलीकडे माहेरी जायला निघाली. सोबत म्हणून तिने आम्हा दोघींना मागितलं. होडी आता तिचा दीर चालवत होता. वारा नव्हता, पाणी तेल ओतल्यासारखं पडलेलं. धक्क्यावर हलीमा क्षणभर थांबली. मी म्हटलं, "हात दी." तिने दिला नाही, आपणच चढली.

मधल्या धारेत आल्यावर ती म्हणाली, "हंयच?"

दिराने वल्हं थांबवून मान हलवली.

बायकोने नवऱ्याचं, घोवाचं, नाव घ्यायची रीत त्यांच्यात नव्हती, आमच्यात नव्हती. हलीमाने ओढणी मागे सारली आणि घसा फाटेल अशी हाक मारली, "हसनऽऽ!" मग थोडं थांबून ती माझ्याकडे वळली. "आता तू मार."

"माका येवचा नाय."

"मार गो," फिलू म्हणाली. "हंय कोण आसा ऐकूक?"

तोपर्यंत ते नाव मी मोठ्याने एकदाही उच्चारलं नव्हतं. मनात इतक्यांदा म्हटलं होतं, की तोंडाला ते परकं वाटेल अशी भीती होती. होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओरडले, "वसंतऽऽ!"

पलीकडच्या धक्क्यावरून उत्तर आलं, "ओऽऽ!"

आम्ही दगड झालो. मग दिसलं, धक्क्यावर एक म्हातारा माणूस टोपली खाली ठेवून, डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत होता. कोकणात वसंत काय थोडे असतात! पहिल्यांदा फिलू हसली. मग हलीमा, चार महिन्यांत पहिल्यांदा. आणि मी हसता हसता असा काही हंबरडा फोडला, की तिचा दीर ओरडला, "हळू गो! होडी कलांडता!" होडी कलंडण्याचा तो शब्द ऐकून सगळी गप्प झाली, आणि पुन्हा हसू फुटलं. त्या दोघींनी मला दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

होडी लागली तसा तो म्हातारा पुढे आला. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे, फिलूच्या काळ्या झग्याकडे, हलीमाकडे आळीपाळीने बघत त्याने विचारलं, "माका कोणी साद घातल्यान?"

फिलूने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हिना घातल्यान," ती म्हणाली. "पण तुका न्हय रे बाबा. हिच्या घोवाक."